चौथा खांदा

ता. ५, सोमवार

आज सकाळी छापखान्याच्या जिन्यावर तिजोरी सुटली आणि आमचा गडी गेंड्या याचा डावा पाय तिच्याखाली सापडला. हाड फुटल्याचा आवाज मी वरच्या पायरीवरून स्पष्ट ऐकला. गेंड्या ओरडला नाही. तो फक्त माझ्याकडे पाहत राहिला आणि नंतर त्याने भिंतीवर ओकारी केली.

अवजड ओझी वाहणाऱ्या टोळीचा मी मुकादम आहे. हातून ओझे सुटल्याचा डाग माझ्या टोळीला आजवर नव्हता. यापुढे जे घडेल ते माझ्याच अक्षरात राहावे, म्हणून ही दैनंदिनी आरंभिली आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले असले तरी मी अशुद्ध लिहीत नाही.

आमची पद्धत अशी. ओझे दोरांनी दोन वाशांना टांगावयाचे आणि वाशांची चार टोके चार खांद्यांवर घ्यावयाची. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, जावई आणि गेंड्या, असे आमचे चौघे. मी पुढे राहून हाक देतो. एखादा गडी आला नाही तर काम अडत नाही. उरलेले तिघे दोर निराळा बांधतात, ओझ्याचा तोल फिरवून घेतात आणि सावकाश चालतात. परंतु गडी जागेवर उभा आहे, वासा त्याच्या खांद्यावर आहे आणि त्याने अंग सोडले आहे, हे बाकीच्यांना दिसत नाही. ते चौघांच्या भरवशावर पाऊल टाकतात. माणसे मरतात ती अशा वेळी.

आज जावयाने अंग सोडले. गेंड्याला गाडीत घातल्यावर मी जावयाला गचांडी धरून भिंतीशी नेले आणि सर्वांदेखत त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"मारा मामा," तो म्हणाला. "पोरीच्या पायात कॅन्सर निघालाय. जिना चढताना फोन आला."

मी त्याला आणखी एक मारली. फोन आल्यावर वाशाखालून बाहेर पडावयास हवे होते. तेवढे तरी त्याला ठाऊक असावयास हवे.

ता. ७, बुधवार

नातीला पाहण्यासाठी इस्पितळात गेलो. वय चौदा. उजव्या मांडीच्या हाडात गाठ आहे. मांडी भोपळ्यासारखी सुजली आहे, परंतु जिभेला सूज नाही.

"आजोबा, बाबांचं नाक फोडलंत म्हणे."

"कामात लक्ष नव्हते."

"आता त्यांनाही इथेच खाट घ्या शेजारची. येणंजाणं वाचेल."

लेकीने तिच्या तोंडावर हात ठेवला. मला हसू आले होते, ते मी दाखविले नाही.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत. त्यांनी मला बाकावर बसवून घराण्याची चौकशी केली. मी सर्व सांगितले. वडील ऐन उमेदीत डोकेदुखीने गेले, कारण उन्हातान्हात ओझी वाहिली. थोरली बहीण तिशीही गाठू शकली नाही. तिच्या छातीत गाठ झाली, कारण सासरच्यांनी तिचे हाल हाल केले. बाई माझ्या खांद्यावरच्या खड्ड्याकडे पाहत होत्या, म्हणून तेही सांगितले. वाशाने पडलेला घट्टा वाढत गेला होता, तो पूर्वी कापून काढला. हमालाच्या खांद्याला घट्टा असावयाचाच.

त्यांनी प्रत्येक गोष्ट बारकाईने लिहून घेतली. माझे बोलणे त्यांना पटलेले दिसले.

"आम्हाला मुलीच्या आईवडिलांचं रक्त तपासायचंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमचंही."

"आमच्या घराण्याचे रक्त निकोप आहे," मी म्हणालो. "आमच्याकडे आजारी पडण्याची रीत नाही."

ता. ८, गुरुवार

निकोप रक्ताचा दाखला घरातच खेळतो आहे. थोरल्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे. सगळे त्याला पैलवान म्हणतात. तो पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत नेतो. दंड पिळदार, आवाज घोगरा, जाणत्या माणसासारखा. वरच्या ओठावर आताच काळी लव दिसू लागली आहे. आज त्याने शेजारच्या शाळकरी मुलाला खाली पाडून, छातीवर बसून, त्याचे तोंड रक्तबंबाळ केले. दोघी बायका मिळून त्याला ओढीत होत्या, तरी उठेना.

सून म्हणाली, "बाबा, याच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. आणि पोट बघा कसं टणक लागतं. दाखवून आणू का?"

"दाखवावयाचे काय? मर्दाचे पोट टणकच असते."

तिच्या माहेरची सर्व माणसे पापडासारखी आहेत, म्हणून तिला हे नवीन.

ता. १२, सोमवार

आज नातीने मला तिचा आजार समजावून सांगितला. डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर चित्र काढून दिले आहे. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असतो आजोबा, डीएनए. सगळं शरीर कसं बांधायचं ते त्यात लिहिलेलं असतं. त्या धाग्यावर प्रोटीनं काम करतात. एवढीएवढीशी असतात, पण कामं सगळी तुमच्यासारखी. कोणी धाग्याला मिठी मारून तो वाकवतं, कोणी त्याचे दोन पदर ओरबाडून वेगळे करतं, कोणी सरळ कापतं."

"कापावयाचे कशासाठी?"

"खराब झालेला भाग काढायला. त्यात एक असतो राखणदार. तो सारखा तयार होतो आणि सारखा मारला जातो. दुसरं एक प्रोटीन त्याची मानगूट धरतं आणि त्याला तुकडे करायच्या यंत्रात नेऊन टाकतं."

"राखणदारालाच?"

"मोकाट सोडला तर तो चांगल्या पेशींनाही ठार करेल, म्हणून. पण धागा कुठे तुटला, की मानगुटीवरचा हात सुटतो. मग चार राखणदार एकमेकांना घट्ट धरतात. एकट्याचं काही चालत नाही. चौघं मिळून धाग्यावर ठरलेल्या जागी पकड बसवतात आणि पेशीला हुकूम देतात. थांब, दुरुस्ती कर. दुरुस्ती होत नसेल तर मर."

"मग?"

"मग मरते. मुकाट्याने."

मला ही शिस्त पसंत पडली. तसे मी तिला सांगितलेही.

"माझ्यात घोळ असा झालाय," ती म्हणाली, "की काही राखणदार मोडक्या हातांचे निघालेत. त्यांना धागा धरता येत नाही. पण एकमेकांना धरायचे हात शाबूत आहेत. म्हणून ते चौघांत येऊन उभे राहतात."

"नुसते उभे?"

"नुसते उभे. ते आलेच नसते तर चांगल्यांनी आपापसांत चार जमवले असते. पण हे येतात, जागा अडवतात, आणि सगळ्यांचीच पकड सैल पडते. मग हुकूम सुटत नाही, आणि जी पेशी मरायला हवी ती मरत नाही. वाढते."

मी बराच वेळ तिच्या मांडीकडे पाहत राहिलो.

"हे आईकडून तरी येतं नाही तर बाबांकडून," ती पुढे सांगत होती, परंतु मला पुढचे ऐकण्याची आवश्यकता उरली नव्हती. जागेवर उभा राहून अंग सोडणारा कोण, हे मी छापखान्याच्या जिन्यावर माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

ता. १५, गुरुवार

आज जावयाला टोळीतून काढले.

तो आणि लेक इस्पितळातून घरी डबा नेण्यासाठी आले होते. मी त्याला अंगणात बोलाविले आणि सांगितले, "तुझ्या रक्तातला कामचुकार माझ्या नातीत शिरला. उद्यापासून माझ्या वाशाला हात लावावयाचा नाही."

"मामा, रिपोर्ट यायचाय अजून."

"मला रिपोर्ट नको. गेंड्याचा पाय घोट्यापासून कापला, तो माझा रिपोर्ट."

तो प्रथमच उलट बोलला. म्हणाला, "गेंड्याच्या पायाचं पाप माझ्यावर घ्यायला मी तयार आहे. पोरीचं नाही घेणार. तिच्यासाठी मी माझं हाड काढून देईन, पण खोटं कबूल करणार नाही."

भिंतीला वासा टेकलेला होता. मी तो उचलून फिरविला. त्याने डोके वाचविण्यासाठी हात वर केला, म्हणून वार हातावर बसला. मनगटाच्या वर, जिथे सांधा नसतो, तिथे हात दुमडला. कातडी फाटून पांढरे टोक बाहेर आले. तो गुडघ्यांवर बसला आणि दात विचकून श्वास घेऊ लागला. मी दुसऱ्यांदा वासा उचलला होता, तेवढ्यात लेक मध्ये येऊन उभी राहिली.

"मारा," ती म्हणाली. "इथे, डोक्यात मारा बाबा. एकदाचं होऊन जाऊ दे."

मी वासा खाली ठेवला.

घराचे दार त्यांना बंद झाले असे मी सांगणार होतो. परंतु ती त्याचा हात ओढणीत बांधीत असताना माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता या घरात पाऊल टाकणार नाही." माझे वाक्य राहून गेले.

ता. २०, मंगळवार

रिपोर्ट आला. जावयाच्या रक्तात दोष नाही. लेकीच्या रक्तात आहे.

डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला, धाकट्याला आणि मला समोर बसवून सांगितले, "म्हणजे तो तुमच्याकडून आलाय, नाहीतर तुमच्या पत्नीकडून. त्या हयात नाहीत. तुम्ही रक्त द्या. दोन्ही मुलांनीही द्यावं. दोष असेल तर वरचेवर तपासण्या करता येतात, गाठ लहान असतानाच पकडता येते."

मी म्हणालो, "माझी पत्नी सज्जन होती, परंतु तिच्या माहेरचे लोक चिवट नव्हते. दोष तिकडचा असणार."

घरी येताच थोरला म्हणाला, "बाबा, मी उद्या रक्त देऊन येतो. माझ्या पोराचं कळायला हवं."

धाकट्याचे लग्न पुढील महिन्यात ठरले आहे. तो म्हणाला, "तुला दोष निघाला म्हणजे मलाही निघाला, असंच लोक धरणार. माझ्या लग्नात माती कालवायचीय तुला?"

"लग्न मोठं की पोर?"

"तुझ्या पोराला काय धाड भरलीय? रेडा झालाय नुसता."

थोरल्याने त्याच्या कानशिलात भडकावली. धाकट्याने कोपऱ्यातला पोती ओढावयाचा आकडा घेतला. दोघेही बैलासारखे बळकट आहेत. शिडी कोसळली, रांजण फुटला, आणि पाण्यात दोघे एकमेकांच्या नरड्याला धरून लोळू लागले. आकडा थोरल्याच्या कानात अडकला आणि कान वरपासून फाटत गेला. त्याने धाकट्याचे डोके फरशीवर इतक्या वेळा आपटले की त्याचे समोरचे दोन दात पडले. सून किंचाळत होती. पैलवान मात्र दारात उभा राहून टाळ्या पिटीत होता, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "मार, मार."

शेवटी मी हाक दिली. ओझे खाली टेकविण्याची हाक. दोघांचेही हात आपोआप सुटले. चांगली सवय लावलेली असल्याचा हा उपयोग.

मी निर्णय दिला की या घरातील कोणीही रक्त देणार नाही. थोरला कानावर फडके दाबून म्हणाला, "तुमचा शब्द, बाबा." सून माझ्याकडे पाहत होती. अशा नजरेने घरच्या माणसाकडे पाहत नाहीत.

ता. २६, सोमवार

हे सर्व लिहावे की न लिहावे, याचा विचार केला. लिहितो.

परवा नातीचा पाय मांडीपासून कापला. डॉक्टरीणबाई पुन्हापुन्हा निरोप पाठवीत होत्या की रक्त द्या. म्हणून मी ठरविले की त्यांना एकदा तोंडात मारल्यासारखे उत्तर द्यावे. पैलवानाला धुतलेले कपडे घातले आणि स्वतः इस्पितळात घेऊन गेलो.

नात उशीला टेकून बसली होती. पांघरूण एका बाजूस सपाट होते. तिकडे मी पाहिले नाही. बाई आल्या. मी पैलवानाला खाटेवर उभे केले आणि म्हणालो, "आमचे रक्त पाहावयाचे होते ना? हे पाहा. तीन वर्षांचा आहे. दंड पाहा. मिशी फुटते आहे. एखादी परिचारिका द्या याच्याशी झुंजावयास."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा चेहरा उजेडाकडे वळविला, ओठावर बोट फिरविले. सदरा वर केला. काखेत पाहिले. नंतर त्याला निजवून पोटावर हात ठेवला. पैलवानाने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला आणि रक्त काढले, तरी त्यांनी हात हलविला नाही. डाव्या बरगडीखाली त्या बोटांनी काहीतरी चाचपीत राहिल्या.

"केव्हापासून असं आहे?"

"उपजत. आमच्या घराण्याची अंगकाठीच अशी."

"आजोबा," त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडावर एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की एवढ्याशा मुलात मोठ्या पुरुषाचं रसायन उतरतं. केस येतात, आवाज फुटतो, अंग भरतं, मारकुटेपणा येतो. तपासून नक्की करू. पण ही ताकद त्याची नाही. मला वाटतं, गाठीची आहे."

त्यानंतर माझ्या हातून काय होते आहे हे मला कळत नव्हते. औषधांचा पेला भिंतीवर फुटलेला होता. बाईंचा चावलेला हात माझ्या मुठीत होता आणि मी तो पिरगाळीत होतो. मी म्हणत होतो की शब्द मागे घ्या. पैलवान खाटेवरून उतरून त्यांच्या पोटऱ्यांवर लाथा मारीत होता. आम्ही दोघे आजोबा आणि नातू एकाच माणसाला मारीत होतो. बाईंची बोटे पांढरी पडली होती. त्या ओरडत नव्हत्या. गेंड्याही असाच ओरडला नव्हता.

"आजोबा, हात सोडा."

नात खाटेवरून बोलली. तिने आवाज चढविला नाही. मी हाक देतो तशी, सपाट आवाजात तिने ती हाक दिली.

मी हात सोडला.

बाईंनी मनगट चोळले. म्हणाल्या, "थोरल्या मुलाला फोन करा. आजच." शिपाई दारात येऊन उभा राहिला होता, त्याला त्यांनी परत पाठविले.

ता. ३०, शुक्रवार

पैलवानाच्या पोटातून लिंबाहून मोठी गाठ काढली. अद्याप ती अन्यत्र पसरलेली दिसत नाही, परंतु वरचेवर पाहावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. तो शुद्धीवर आल्यावर आईसाठी रडला. आवाज अजून जाडच आहे, रडणे मात्र लहान मुलाचे होते. मी ते प्रथमच ऐकले. थोरल्याने मला विचारल्याविना रक्त दिले.

आज नातीलाही घरी सोडले. लेकीचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. कुबड्यांची सवय व्हावयाची आहे, म्हणून खुर्ची वाशांना बांधून न्यावयाचे ठरले. गेंड्या आता कायमचा गेला कामातून. थोरल्याचा कान शिवलेला, धाकट्याचे तोंड सुजलेले, जावयाचा हात प्लास्टरमध्ये. परंतु वासा खांद्यावर बसतो, हातावर नव्हे, म्हणून तिघे उभे राहिले. चौथा खांदा मी दिला. कोणी नको म्हटले नाही. कोणी माझ्याशी बोलतच नव्हते.

"काय ही टोळी," नात खुर्चीतून म्हणाली. "फाटका कान, फुटके दात, मोडका हात. मीच त्यातल्या त्यात धडधाकट."

धाकटा हसला आणि सुजलेला ओठ धरून कळवळला.

पहिला मजला नीट चढलो. दुसऱ्याच्या वळणावर माझ्या खांद्यातून, त्या जुन्या खड्ड्यातून, जोर निघून गेला. वासा खांद्यावर होता. पाय जागेवर होते. बाहेरून पाहणाऱ्यास मी उचलतो आहे असेच दिसले असते. थोरल्याने चौघांच्या भरवशावर पुढचे पाऊल टाकले आणि खुर्ची माझ्या बाजूस कलली. नातीने कठडा पकडला. तिचे उरलेले पाऊल हवेत काहीतरी शोधीत होते. खाली सरळ उतार होता. छापखान्याचाच जिना म्हणावा असा.

"थांबा," मी म्हणालो. "टेकवा."

त्यांनी खुर्ची टेकविली. जावई माझ्या पुढ्यात होता. त्याने मान वळवून पाहिले. घाम त्याच्या नाकावरच्या ताज्या व्रणावरून ओघळत होता. त्याला सर्व समजले होते. तो एका शब्दाने बोलला असता तर बरे झाले असते.

मी वाशाखालून बाहेर पडलो.

"तिघांचा दोर बांधा," मी म्हणालो.

थोरल्याने दोर सोडला आणि निराळा बांधला. तोल फिरवून घेतला. तिघांनी उचलले. मी भिंतीशी सरकून त्यांना वाट दिली. हाक देण्यासाठी तोंड उघडले, परंतु हाक आधीच चालू झाली होती. नात देत होती. मी ऐकत पायरी पायरी मागून गेलो. वळणावर ती किंचित लवकर हाक देते, ते तिला सांगावयाचे आहे. आज सांगितले नाही.

ता. ४, बुधवार

रक्त देऊन आलो. धाकटाही आला होता. आत येईना. दाराबाहेर उभा राहून भिंतीवरच्या सूचना वाचीत होता. त्याच्या जिवाचे आहे, त्याला वेळ लागेल. थोरल्याच्या रक्तात दोष निघाला आहे.

माझा रिपोर्ट यावयाचा आहे. पत्नीच्या माहेरचे लोक चिवट नव्हते, हे मत मी मागे घेतलेले नाही. दोष माझा निघाल्यास तो याच वहीत, याच अक्षरात लिहीन.

परिचारिकेने दंडाला पट्टा आवळला. म्हणाली, "आजोबा, मूठ किती घट्ट. कोणाला मारायचंय? हात सैल सोडा."

मला ते जमेना. तिने दोनदा सांगितले. जावई शेजारच्या बाकावर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसला होता. तो मला सोबत म्हणून आला होता की लेकीने पाठविला म्हणून, हे मी विचारले नाही. त्याने त्याचा चांगला हात पुढे केला आणि माझी मूठ, एक एक बोट धरून, उघडली.

मी म्हणालो, "उद्या दळणाच्या गिरणीचे यंत्र हलवावयाचे आहे. हाक तू दे. हाकेला हात लागत नाही."

"बघू, मामा," तो म्हणाला. सुई आत गेली तरी त्याने माझा तळहात सोडला नाही.